केबल सोला, जाळू नका



पंधरवड्यापूर्वी एका वस्तीवर गेलो होतो. गोठ्यामागून काळा धूर निघत होता. घरधनी मोटारीची जुनी केबल पेटवून तांबे काढीत होते. जवळच नातू खोकत उभा होता. मी म्हटले, "दादा, तांब्याचं मागून बघू. आधी पोराला धुरातून बाहेर न्या."

केबलचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. ते जळले की हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो आणि डोळ्यांतील, छातीतील ओलाव्यात मिसळून त्याचे ॲसिड बनते. तांब्याच्या संगतीने डायॉक्झिन नावाचे विषही तयार होते. ते चाऱ्यावर बसते आणि गाईच्या दुधात उतरते. जुन्या केबलच्या आवरणात शिसेही असते. ते राखेत उरते. अशी राख चाटून जनावर आंधळे होते, झटके येऊन दगावते. लहान मुलांच्या मेंदूला तर थोडे शिसेही अपाय करते.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात सुधारणा झाली. घातक रसायनांची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले. आपल्या गोठ्यामागे मालकही आपण आणि कामगारही आपणच. मग ही माहिती घरच्यांना कोण देणार? शिवाय राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड ठरविला, तोही ध्यानात असू द्या.

मग करावे काय? वीजपुरवठ्यापासून पूर्ण सोडवलेल्या केबलचे हातभर तुकडे करा. धारदार पात्याने आवरण उभे चिरा. पाते अंगाकडे ओढू नका. स्वच्छ तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा भावही चांगला मिळतो. सोलणे जमत नसेल तर केबल अखंडच विका. पूर्वीची राख असेल तर ती पाणी शिंपडून, हातमोजे घालून डब्यात भरा व झाकून ठेवा. उकिरड्यात किंवा शेतात टाकू नका. धूर लागलाच तर मोकळ्या हवेत जा, डोळे भरपूर पाण्याने धुवा. दम लागला तर दवाखाना गाठा. छातीचा त्रास काही तासांनीही वाढतो.

त्या दादांनी आग मातीने विझविली आणि उरलेली केबल सूनबाईंनी ओसरीवर बसून सोलली. तुमच्या घरी जुनी केबल पडली असेल तर आजच घरात हे सांगून ठेवा.