जुनी वहिवाट सोडू नका, नवे रान तोडू नका

दरवर्षी ३१ जुलै रोजी धुळ्याजवळच्या लळिंगच्या डोंगरावर, लांडोर बंगल्याच्या दर्शनास आपण मुलाबाळांसह जाता. १९३७ साली न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेल्या बाबासाहेबांचा मुक्काम तेथे झाला, म्हणून ती वास्तू आपणांस प्रिय आहे. ती वाट वनखात्याच्या रानातून जाते. भर पावसात त्या हिरव्या डोंगरावर आपण मोठ्या आनंदाने शिदोरी सोडता. परंतु तेच आपण गावी परतलात, आणि वनखात्याने अडविलेल्या दोन एकरांचा विषय निघाला, की 'रान' हा शब्दच शत्रूचा वाटू लागतो. असे का व्हावे, ह्याचा विचार आज केला पाहिजे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबांना स्वतःची म्हणावी अशी जमीन नव्हती. होती ती वतनाची, म्हणजे गुलामगिरीचे वेतन. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १ फेब्रुवारी १९५९ पासून अंमलात आला. वेठ सुटली, पण पोटाची सोय कायद्याने आपोआप होत नाही. म्हणूनच त्याच वर्षी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. खानदेश आणि नाशिक हे त्याचे मोठे क्षेत्र. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला आणि लक्षावधी स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. मागणी काय होती? पडीक व लागवडयोग्य सरकारी जमीन भूमिहीनास द्या, धान्याचे भाव आवरा, किमान वेतनाचा कायदा पाळा. भाकरीसाठी जमीन, असा त्या मागणीचा अर्थ होता. सरसकट जंगल तोडू द्या, असा तो कधीही नव्हता.

ह्या जमिनी सरकारने स्वतःही दिलेल्या आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेच्या काळात वनखात्याच्याच जमिनी वर्षा-वर्षाच्या कराराने कसावयास दिल्या गेल्या. त्यांना आपल्याकडे एकसाली म्हणत. देश उपाशी होता तेव्हा कसणारा हवा होता. कोठारे भरल्यावर तोच कसणारा अतिक्रमक ठरला! पुढे १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने केंद्राच्या संमतीवाचून वनजमीन अन्य कामास देण्यास बंदी केली आणि अर्धवट राहिलेली प्रकरणे दप्तरात पडून राहिली.

त्या अन्यायावर उपाय म्हणून २००६ चा वनहक्क कायदा आला. आदिवासी बांधवांप्रमाणेच 'इतर पारंपरिक वननिवासी' हा वर्गही त्यात आहे. ह्या वर्गास जात नाही, धर्म नाही. बौद्ध झाल्याने हक्क जातो, असे कोणी सांगेल तर ते साफ खोटे आहे. अट आहे ती १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची. आणि आमचे बहुतेक दावे ह्याच अटीच्या चुकीच्या वाचनावर बुडतात.

नीट ध्यानात घ्यावे. ७५ वर्षे ही वास्तव्याची आणि रानावर उपजीविका अवलंबून असण्याची आहेत. ती जमीन कसण्याची नव्हेत. कसणूक १३ डिसेंबर २००५ पूर्वीची असली म्हणजे पुरे. हा भेद बारीक वाटेल, पण सत्याग्रहात १९५९ साली धरलेल्या जमिनीला २००५ पर्यंत केवळ ४६ वर्षे होतात. कसणुकीचीच ७५ वर्षे मागितली, तर दादासाहेबांच्या एकाही सत्याग्रहीचा नातू पात्र ठरणार नाही. प्रस्तुत लेखकाकडे एक आजी फेटाळलेला दावा घेऊन आल्या. कारण एका ओळीचे : ७५ वर्षांचा कब्जा नाही. त्यांच्या गाठोड्यात वनरक्षकाने केलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या होत्या. लाज वाटून त्यांनी त्या कोणास दाखविल्या नव्हत्या. आजींचा कब्जा सिद्ध करणारा त्याहून चांगला कागद दुसरा कोणता?

तेव्हा कागद शोधा. १९३० च्या आधीच्या वास्तव्यासाठी कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचा दाखला, वतनाची कागदपत्रे. कसणुकीसाठी एकसालीचा करार, दंडाची पावती, खटल्याचा निकाल, शेतातील जुने बांध. गावातील वृद्धांचा लेखी जबाबही पुरावा आहे. मात्र तो वृद्ध स्वतः दावेदार नसावा. दोन पुरावे तरी हवेत. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. ते चित्र इतर पुराव्यास पूरक आहे, त्याच्या जागी नाही. मिळणारा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे असतो, तो वारसास जातो, विकता येत नाही. त्याची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे.

आता कडू गोष्ट. ह्या कायद्याचे नाव सांगून आज नवे रान तोडणाऱ्यास त्यात तिळभरही आधार नाही. उलट वनहक्कधारकावर रान राखण्याचे कर्तव्य त्याच कायद्याने घातले आहे. १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे. तेथे अतिक्रमणाचा प्रश्न वर्षानुवर्षे धुमसत आहे, आणि प्रत्येक नवी तोड जुन्या, खऱ्या दावेदाराच्या गळ्याशी येते. साहेबाच्या डोळ्यांस दोघे सारखेच दिसतात.

शिवाय रान आपणांस पोसते, ते असे. सातपुड्याच्या पायथ्याशी वाळू-गोट्यांचा एक पट्टा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्यास बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरणारे नाले तेथे जमिनीत मुरतात आणि त्यावर रावेर, यावल, चोपड्याच्या विहिरी जगतात. उतार उघडा पडला, की पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन धावते. रावेर-यावलमध्ये भूजलाचा उपसा आधीच मर्यादेबाहेर गेला आहे. केळीच्या बागा वाळल्या तर बागाईतदार कर्ज काढील, पण त्या बागेत मजुरीस जाणारी आपली माणसे काय काढतील? आणि डोंगर-उताराची उघडी जमीन मोजकीच पिके देऊन दगड दाखविते. दादर पिकते ती तापीकाठच्या काळ्या मातीत.

साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या आदिवासी बांधवांनी चैत्राम पवार ह्यांच्या पुढाकाराने सुमारे साडेचारशे हेक्टर रान राखले. पाण्याच्या टंचाईचे ते गाव आज पाणी आणि भात दोन्हीही बाळगून आहे. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. धान्य हवे म्हणून रान तोडावे लागते, ह्या समजुतीस ते गावच उत्तर आहे.

मग भूमिहीनाने जमीन कोठून आणावी? चांगल्या मातीतून आणावी! दादासाहेबांच्याच नावाच्या सबलीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत देण्याची तरतूद २००४ पासून आहे. अडचण एवढीच, की सरकारी दरात जमीन विकण्यास कोणी पुढे येत नाही आणि पैसा पडून राहतो. दर वाढवा आणि कमाल धारणेतून निघालेल्या जमिनीचा गावनिहाय हिशेब द्या, ही मागणी घेऊन प्रत्येक तहसील कचेरीवर गेले पाहिजे.

दावा फेटाळला गेला असल्यास कारण लेखी मागा. त्यावरील अर्जास निर्णयापासून ६० दिवस मिळतात, आणि ते दिवस आपण तोंडी आश्वासनात घालवता. येत्या ३१ जुलैला लळिंगला येताना शिदोरीबरोबर ती गाठोडीही आणा. कागद तेथेच वाचू.