निधी नाही, ही सबब नव्हे

मध्य प्रदेशातील रतलामच्या एका वॉर्डातील रहिवाशांनी उघडी गटारे, मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त सांडपाणी व शौचालयांचा अभाव यांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. नगरपालिकेने पैसा नसल्याची सबब सांगितली. १९८० साली न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली.

प्रश्न मुळात आर्थिक आहे. कारखानदार नफा खिशात घालतो, घाणीचा खर्च वस्तीच्या माथी मारतो. पालिकेने हात झटकले की गरीब तो आजारपणाने फेडतो. रतलामकरांनी वापरलेले फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३ वे कलम २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ वे म्हणून कायम आहे. मात्र आदेश कागदावरच राहू नये, यासाठी अंदाजपत्रकात गटारांची तरतूद होईपर्यंत कार्यकर्त्यांनी वस्ती संघटित ठेवली पाहिजे.