आधी विचारा, मग मोबदल्याचे बोला

चमचाभर विरजण मागायला आलेली शेजारीणसुद्धा दारात उभी राहून हाक मारते. विरजण दिल्याने आपले दही आटत नाही, हे तिलाही कळते आणि आपल्यालाही. तरी ती विचारते. वस्तू कमी होते म्हणून नव्हे, ती दुसऱ्याच्या घरातली असते म्हणून विचारायचे! ही रीत आपल्याला कोणी पुस्तकातून शिकविली नाही. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना मात्र ती शिकविण्याची पाळी आज आली आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे यंत्र हल्ली हुकमासरशी गोष्टी, कविता, निबंध लिहून देते, ते काही आभाळातून शब्द आणीत नाही. माणसांनी लिहिलेल्या अब्जावधी शब्दांच्या नकला त्याच्या पोटात घालाव्या लागतात. कोणत्या शब्दामागून कोणता येतो, याचा ताळा जमवीत ते बोलायला शिकते. हे शब्द ज्यांचे, त्यांतल्या बहुतेकांना कोणी विचारलेले नाही.

‘माणूसही दुसऱ्याचे वाचूनच लिहायला शिकतो ना?’ असा यावर युक्तिवाद होतो. शिकतो की! पण उदगीरचा विद्यार्थी पुस्तक विकत घेतो, नाहीतर वाचनालयाची वर्गणी भरतो. जन्मभर वाचून तो काही हजार पुस्तके वाचील. आणि ज्याचे वाचले त्याचाच धंदा घाऊक भावाने बसवील, असे होत नाही. वाचक आणि गिरणी यांत फरक आहे.

अमेरिकेत २०२५ साली अँथ्रॉपिक कंपनीने लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. विकत घेतलेल्या पुस्तकांवर यंत्राला शिकविणे तिथल्या कायद्यात बसते, पण चोरट्या संकेतस्थळांवरून पुस्तके उतरवून त्यांचा साठा करणे बसत नाही, असे न्यायाधीशांनी आधीच बजावले होते. पुस्तकामागे सुमारे ३००० डॉलर ठरले. वाचकहो, हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. यादीत बसायला अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीत वेळेत केलेली नोंद हवी होती. पदरचे पैसे घालून तीनशे प्रती छापणारा आपला कवी ती कधी करणार?

आपल्याकडेही प्रश्न कोर्टात गेला आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. पुढे भारतीय प्रकाशकांचा महासंघही त्यात उतरला. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्रनक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. पण डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग खात्याने नेमलेल्या समितीने भलतीच वाट सुचविली: कायदेशीररीत्या मिळेल ते सारे लिखाण कंपन्यांनी वापरावे, कमाई सुरू झाली की सरकारने ठरविलेल्या दराने मोबदला भरावा, आणि लेखकाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नसावी.

मोबदला मिळतो आहे, मग तक्रार कसली? तक्रार हीच की, जिथे नकार देता येत नाही तिथे होकाराला अर्थ उरत नाही. दुकानदाराने माल उचलू द्यायचा आणि भाव गिऱ्हाइकाच्या सोयीने दुसऱ्यानेच ठरवायचा, याला कोणी बाजार म्हणेल काय?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. यंत्राला मराठी वाचू दिली नाही, तर उद्याच्या जगात मराठी मागे पडेल. ही भीती मलाही वाटते. पण कोणती मराठी? एप्रिल २०२२ मध्ये ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरले, भारत सासणे अध्यक्ष होते. कन्नड, तेलुगू, उर्दूच्या सोबतीने वाढलेली या सीमेवरची बोली सरकारी परिपत्रकांत सापडायची नाही. ती इथल्या लिहित्या माणसांच्या वहीत आहे. ती हवी असेल, तर त्यांच्या दारी यावे लागेल.

दारी येणारे होऊन गेले आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमविल्या, आणि गाणारीचे नाव, तिचे गाव टिपून ठेवले. निरक्षर म्हणून तिला निनावी केले नाही. दोन माणसांना जमले ते एवढ्या थोर यंत्रांना जमू नये?

तोवर आपण हात बांधून बसू नये. १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूचा आहे. नोंदणी नसली तरी हक्क निर्मितीबरोबरच जन्मतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. २०१२च्या दुरुस्तीनुसार, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क करारात स्पष्ट लिहिल्यावाचून प्रकाशकाकडे जात नाहीत. करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षेच धरतात. म्हणून जुने कागद काढून वाचा. नव्या करारात एक वाक्य घाला: ‘लेखकाच्या लेखी संमतीवाचून हे लिखाण यंत्राच्या शिक्षणासाठी देता येणार नाही.’ दिवाळी अंकांच्या संपादकांनी हेच वाक्य अंकावर छापावे, आणि साहित्य संमेलनाने ‘आधी संमती’ असा ठराव करून दिल्लीला पाठवावा.

मराठी लेखक कंजूष नाही. मानधन न घेता त्याने कित्येक अंक सजविले आहेत. पण ते त्याने दिले होते, कोणी नेले नव्हते. दिलेले आणि नेलेले यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांना बुद्धिमान तरी कसे म्हणावे?