केसपेपरचे दहा रुपये

परवा दोन दिवस आत्याकडे राहून आले. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नात्यातल्यांना माहीत आहे, बाकीच्यांना त्याने फरक पडत नाही.) तिच्या गोळ्या श्रीखंडाच्या एका जुन्या डब्यात असतात आणि त्याच डब्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचे केसपेपर घड्या घालून ठेवलेले असतात. गोळी शोधता शोधता मी ते चाळत बसले. जुन्या कागदांना दहा रुपयांच्या पावत्या टाचलेल्या. २०२३ च्या पावसाळ्यानंतरच्या कागदांना पावती नाही.

महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ठरवलं की सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, भरती होणं, सगळंच मोफत. १५ ऑगस्टपासून ते लागू झालं. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत २,४१८ संस्था आणि वर्षाला तिथे येणारे सुमारे २ कोटी ५५ लाख रुग्ण, असा तेव्हाचा सरकारी आकडा होता. पेपरात बातमी आली तेव्हा दादाचा फोन आलाच. "फुकट दिलेल्या गोष्टीची किंमत राहत नाही. आता बघ, खोकला झाला तरी रांग लावतील."

खरं सांगायचं तर मीही तेव्हा हो म्हणाले. दहा रुपये म्हणजे काय हो? चहासुद्धा येत नाही धड. ज्यांना तेही जड आहेत त्यांना सवलत होतीच की, पिवळं कार्ड दाखवलं की झालं.

मग मला २०१९ मधली एक सकाळ आठवली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आत्याला सोनोग्राफीसाठी जिल्ह्याच्या सिव्हिलला घेऊन गेले होते. पैसे भरायच्या खिडकीशी आमच्या पुढे एक बाई होती, कडेवर मूल. आतल्या माणसाने फीचा आकडा सांगितला. ती म्हणाली, एवढे नाहीत. त्याने विचारलं, पिवळं कार्ड? तिने काहीतरी सांगितलं, कार्ड सासऱ्याच्या नावावर आहे, ते वेगळे राहतात असं काही. तो जरा मोठ्याने म्हणाला, "मग साहेबांची सही आणा." चिडून नाही, रोजचंच असल्यासारखं. सगळी रांग ऐकत होती. "उद्या येते," म्हणून ती बाजूला झाली आणि दाराबाहेर गेली. माझ्या पर्समध्ये पाचशेची नोट होती. मी दिली नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. तिला वाईट वाटेल असं वाटलं म्हणून, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं म्हणजे आमचा नंबर आला होता.

तर सांगायचा मुद्दा असा, की सवलत होती हे खरं, पण ती मागावी लागायची. चारचौघांत आपल्याकडे नाहीत हे म्हणावं लागायचं, वर सिद्धही करावं लागायचं. सगळ्यांनाच मोफत केलं की ती खिडकीच उरत नाही. दहा रुपये वाचले यापेक्षा मला हे मोठं वाटतं.

दादाच्या मुद्द्याबद्दलही वाचलं थोडं. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड नावाच्या संस्थेने हजारो लोकांवर एक लांबलचक प्रयोग केला. काहींना उपचार पूर्ण मोफत, काहींना बिलातला वाटा स्वतः उचलायला लावला. वाटा उचलणारे डॉक्टरकडे कमी गेले, इथवर दादा बरोबर. पण त्यांनी कमी केल्या त्या फक्त फालतू फेऱ्या नव्हत्या. गरजेचे उपचारही तितकेच टाळले. खिशाला झळ बसली की माणूस टाळतो, पण काय टाळावं हे त्याला कळतंच असं नाही. आणि गरीब घरांतल्या रक्तदाबवाल्यांचा रक्तदाब मोफतवाल्या गटात जास्त आटोक्यात राहिला. हे वाचताना मला आत्याच दिसली. बी.पी.ची गोळी ती कित्येक वर्षं एकाआड एक दिवस घ्यायची. "बरं वाटतंय की गं, उगा कशाला संपवायच्या!"

दादा जर्मनीचं कौतुक फार करतो म्हणून त्याच्यासाठी खास: तिथे २००४ पासून तिमाहीला १० युरो दवाखाना-फी होती, लोकांनी ऊठसूट डॉक्टरकडे जाऊ नये म्हणून. २०१२ मध्ये त्यांच्या संसदेने ती एकमताने रद्द केली आणि १ जानेवारी २०१३ पासून ती बंद झाली. :)

पण आत्याच्या डब्यात आणखी एक कागद होता, यंदाचाच. पावती नसलेला केसपेपर आणि त्याला लावलेली बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी. तीनशे चाळीस रुपये. दवाखान्यात त्या गोळ्या "आल्या नव्हत्या". शिवाय वडापचं जायचं-यायचं भाडं आणि सोबत आलेल्या शेजारणीचा बुडालेला रोज. पहिल्यापासून दहा रुपये हा या खर्चातला सगळ्यात लहान तुकडा होता. सरकारने नेमका तोच उचलला.

म्हणून निर्णय वाईट होता का? नाही. पण फी माफ करणं हे सगळ्यात सोपं काम होतं, कागदावर एका दिवसात होणारं. गोळ्या वेळेवर पोचवणं अवघड. तमिळनाडूने औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ १९९४ मध्येच काढलं. आपल्याकडे खरेदी प्राधिकरणाचा कायदा आला तो २०२३ मध्ये. जवळजवळ तीस वर्षं! मोफत घोषणेनंतर दीड-दोन महिन्यांत, ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला, नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात बाळं. ते रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं, म्हणजे या मोफतच्या निर्णयात नव्हतंच. महापालिकांची रुग्णालयंही नव्हती. आजारी माणसाला कुठला दवाखाना कुठल्या खात्याचा हे कसं कळावं?

अजून एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. फीच्या पैशांतून दवाखान्याच्या हाती थोडी रक्कम राहायची. १९९४ मध्ये इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात रुग्ण कल्याण समितीचा प्रयोग झाला तो त्याच विचाराने, की पैसा तिथेच गोळा करा, तिथेच खर्च करा. फुटलेला नळ, गेलेला बल्ब यासाठी मुंबईकडे बघायला नको. ती फी गेली ती जाऊ दे, पण तेवढे पैसे दरवर्षी न मागता त्या दवाखान्याला मिळाले पाहिजेत. नाहीतर मोफत दवाखान्यात कापूससुद्धा रुग्णानेच आणायचा.

आणि हा आहे शासन निर्णय, कायदा नव्हे. एका कागदाने आलं ते दुसऱ्या कागदाने जाऊ शकतं. राजस्थानने २१ मार्च २०२३ ला विधानसभेत आरोग्य हक्काचा कायदाच मंजूर केला, तातडीच्या वेळी आधी पैसे मागायचे नाहीत यासकट. त्यावर खासगी डॉक्टर संपावर गेले आणि ४ एप्रिलला तडजोड होऊन बरीचशी खासगी रुग्णालयं त्यातून वगळली गेली. म्हणजे कायद्यानेही सगळं होतं असं नाही. तरी खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला "हा माझा हक्क आहे" म्हणता येणं आणि "सध्या मोफत आहे म्हणे" म्हणणं यात फरक आहे. मला महाराष्ट्रात तो कायदा हवा आहे आणि त्यात औषधाची बाहेरची चिठ्ठी देता येणार नाही हे कलम हवं आहे. दादा, फोन कर, भांडू.

निघताना आत्याला म्हटलं, आता रोज एक गोळी घ्यायची, चुकवायची नाही. तिने डबा उघडून दाखवला. "अगं बये, सतराच आहेत. पुढच्या सोमवारी शेजारीण येते का बघते, नाहीतर त्याच्या पुढच्या." मी माझ्या फोनवर सोमवारची आठवण लावून ठेवली आहे.