फवारणाऱ्याच्या देहाचा हिशेब कोण ठेवणार?



देवगाव रंगारीच्या बैठकीत कापसाचा भाव, पीकविमा आणि खताची टंचाई हे नेहमीचे तीन विषय आटोपले होते. माणसे उठायच्या बेतात होती. तेवढ्यात मागच्या बाजूने एक तरुण उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, माझ्या वडिलांना फवारून आलं की दोन दिवस जेवण जात नाही, हातपाय कापतात. याच्यावर संघटना काही बोलणार का नाही?"

आम्ही उत्तर देण्याऐवजी सभेलाच विचारले, फवारून आल्यावर ज्यांना कधी ना कधी चक्कर आली, मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली त्यांनी हात वर करावेत. बहुतेक सगळे हात वर झाले. त्यापायी सरकारी दवाखान्यात कोण गेले, असे विचारल्यावर दोनच हात राहिले. आणि कागदावर 'फवारणीची विषबाधा' अशी नोंद कोणाची झाली? एकही हात राहिला नाही.

सभेत कापसाच्या क्विंटलचा हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ होता. बियाण्याच्या पाकिटाची किंमत, वेचणीची मजुरी, सावकाराचे व्याज, सगळे पाठ. फक्त आपल्या देहाचा हिशेब कोणाजवळ नव्हता. आमच्याजवळही नव्हता.

तक्त्यात नसलेला रकाना

आम्ही शेतकीचे पदवीधर आहोत. चार वर्षे कीटकशास्त्र शिकलो. प्रयोगाचे तक्ते कसे भरायचे ते आम्हाला चांगले शिकवले गेले. औषधाचे नाव, दहा लिटर पाण्यातली मात्रा, फवारणीआधी पानावर किडी किती, तीन दिवसांनी किती, सात दिवसांनी किती, हेक्टरी उत्पन्न किती, एक रुपया खर्चामागे फायदा किती. सगळे रकाने होते. पाठीवर पंप घेऊन ओळीतून चालणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी काय झाले, हा रकाना मात्र नव्हता. आमच्या शिक्षकांनी तो आखला नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही कधी विचारले नाही. प्रयोगाच्या वाफ्यात फवारणारा मजूर रोजंदारीवरचा. संध्याकाळी तो घरी गेला की प्रयोग संपला.

ही गोष्ट लहान वाटते, पण पुढचे सगळे अनर्थ या एका रिकाम्या जागेतून येतात. ज्या शिफारशीत कीड मोजली जाते आणि माणूस मोजला जात नाही, ती शिफारस अर्धवट आहे. शेती संशोधन एका खात्याचे आणि सार्वजनिक आरोग्य दुसऱ्या खात्याचे, अशी वाटणी मंत्रालयात चालत असेल. कपाशीच्या ओळीत ती चालत नाही. तिथे कीड, औषध आणि माणूस एकाच हवेत असतात.

यवतमाळने काय शिकवले

२०१७ चा खरीप आठवा. जुलैपासून पुढच्या चार महिन्यांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे फवारणीच्या विषबाधेने दगावली आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाली. मेलेल्यांत शेतकरी होते आणि दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूरही होते. चौकशीला अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या हाताखाली विशेष तपास पथक नेमले गेले. नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीला साठ दिवसांची मनाई केली. त्यात मोनोक्रोटोफॉस होते, डायफेन्थ्युरॉन होते, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीनचे मिश्रण होते. नोव्हेंबरमध्ये! म्हणजे फवारणीचा मुख्य हंगाम उलटून गेल्यावर.

तेव्हा सरकारी माणसांनी पहिले बोट शेतकऱ्याकडे दाखवले. मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याच्या विरुद्ध फवारले. यात खोटे काही नाही. आपल्या चुका आहेतच. दुकानदाराने सांगितले म्हणून आपण एकाच पंपात तीन बाटल्या मिसळतो. औषध उधारीवर, म्हणून निवडही दुकानदाराची. रिकामा डबा धुऊन घरात वापरतो. या चुका आपणच सुधारल्या पाहिजेत.

पण त्या वर्षी नेमके काय झाले ते पाहा. कपाशी दाट आणि डोक्याइतकी वाढलेली होती. फवारा खाली झाडावर न पडता तोंडावर येत होता. नव्या यंत्राच्या पंपातून औषधाचे बारीक धुके निघत होते, आणि थेंब जेवढा बारीक तेवढा तो श्वासातून आत जातो. वर ऊन आणि दमट हवा. अशा हवेत घाम आलेले अंग औषध जास्त शोषते आणि त्याच हवेत रबरी कोट, गॉगल, मास्क घालून दिवसभर चालणे माणसाला झेपत नाही. ज्यांनी डब्यावर 'संरक्षक कपडे वापरा' असे छापले, त्यांनी तो कोट घालून भादव्याच्या उन्हात एक एकर कपाशी फवारून पाहिली होती काय? कपाशीची उंची, पंपाचा प्रकार, हवेतला दमटपणा, हे सगळे संशोधनाचे विषय आहेत. शेतकऱ्याच्या निष्काळजीपणात ते ढकलून मोकळे होता येणार नाही.

आणि एवढी फवारणी वाढली तरी का? बीटी कपाशी २००२ साली आली, दोन जनुकांची बोलगार्ड-२ २००६ साली. अळीसाठी फवारणी नको, असे सांगून ती विकली गेली आणि काही वर्षे ते खरेही ठरले. पुढे गुलाबी बोंडअळी तिला पचवू लागली आणि २०१७ साली तिने महाराष्ट्रात हाहाकार केला. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर बीटीचा परिणाम कधी नव्हताच. एक संरक्षण ढासळले की त्याची किंमत पंप पाठीवर घेणारा देतो. हे बियाणे मंजूर करताना कोणी गणितात धरले नव्हते.

बेनिनची कपाशी

हे आपल्याच वाट्याला आले असे समजू नका. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बेनिन नावाचा लहानसा देश आहे. त्याच्या उत्तर भागात आपल्यासारखीच कोरडवाहू शेती आहे. कपाशी, ज्वारी, मका. तिथे बोंडअळी जुन्या पायरेथ्रॉइड औषधांना दाद देईनाशी झाली, म्हणून १९९९ साली एंडोसल्फान आणले गेले. किडीसाठी उपाय बरोबर निवडला होता. माणसांचे काय होईल, ते कोणी पाहिले नव्हते. त्या हंगामात एकट्या बोर्गू प्रांतात सरकारी आकड्याप्रमाणेच निदान ३७ माणसे मेली. एके ठिकाणी कपाशीतल्या मक्याची कणसे पोरांनी खाल्ली. आदल्या दिवशी त्या शेतात फवारणी झाली होती.

पण बेनिनमध्ये पुढे एक गोष्ट घडली ती आपण शिकण्यासारखी आहे. तिथल्या ओबेपाब या सेंद्रिय शेतीच्या संस्थेची माणसे गावोगाव हिंडली आणि कोणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या औषधाने, काय झाले याच्या नोंदी केल्या. त्या नोंदी जगापुढे गेल्या. पुढच्या दहा वर्षांत त्या भागातल्या देशांनी एंडोसल्फान थांबवले. आपल्याकडे केरळमधल्या कासरगोडच्या लोकांनी असाच लढा दिला आणि मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्याचे उत्पादन, विक्री आणि वापर थांबवण्याचा हुकूम दिला. तोपर्यंत मराठवाड्यातही कपाशीवर ते सर्रास फवारले जात होते. मोनोक्रोटोफॉसचेही तसेच. भाजीपाल्यावर वापरायला मनाई २००५ साली झाली आणि त्याच्या ३६ टक्के द्रावणावरच्या बंदीचा आदेश निघायला २०२३ साल उजाडले. भाजी खाणाऱ्याचा जीव आधी दिसला, कपाशी फवारणाऱ्याचा अठरा वर्षांनी.

बेनिनमध्ये आणि कासरगोडमध्ये पहिली मोजणी संशोधन केंद्राने केली नाही. ती गावाने केली. ज्याची नोंद नाही ते सरकारच्या लेखी घडलेलेच नाही, हे आपल्याला सातबाऱ्यावरून चांगले कळते.

संशोधकांना हे जमत नाही असे नाही

कोणी म्हणेल, शेतीच्या संशोधकाने आरोग्य कशाला पाहावे? त्याला आपल्या परभणीचेच उत्तर आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. त्याने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर काम करून २०१८ साली 'परभणी शक्ती' ही ज्वारीची जात दिली. ती निवडताना नुसते क्विंटल मोजले नाहीत. दाण्यातले लोह आणि जस्त मोजले, कारण भाकरी खाणाऱ्या बाईच्या आणि लेकराच्या अंगात रक्त कमी असते. म्हणजे खाणाऱ्याचा देह प्रयोगाच्या तक्त्यात येऊ शकतो. मग पिकवणाऱ्याचा का येऊ नये? ज्वारीला जमले ते कपाशीला जमलेच पाहिजे.

आमचे म्हणणे

सगळी औषधे उद्यापासून बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत पीक अळीने खाल्ले त्याला असे सांगणे सोपे नसते, आणि सांगणाऱ्याचे पोट त्या पिकावर नसते. आमच्या मागण्या चार आहेत, आणि चारही होण्यासारख्या आहेत.

पहिली, कृषी विद्यापीठाने फवारणीची कोणतीही शिफारस करण्याआधी ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या शेतात, त्याच्याच पंपाने, त्याच्याच उन्हात तपासावी आणि फवारणाऱ्याची रक्ततपासणी त्या प्रयोगाचा भाग असावी. दोन औषधे मिसळण्याची शिफारस असेल तर त्या मिश्रणाचीही तपासणी करावी.

दुसरी, १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात कलम २६ घातले गेले ते उगाच नाही. औषध वापरताना किंवा हाताळताना झालेली प्रत्येक विषबाधा कळवण्याचे बंधन राज्य सरकार या कलमाखाली घालू शकते. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी वही असावी आणि दर महिन्याला तिची प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जावी. कलम २७ खाली विक्री थांबवायची ती हंगाम संपल्यावर नव्हे, वहीत नावे वाढू लागली की लगेच.

तिसरी, यवतमाळच्या वेळी कोलिनएस्टरेजच्या रक्ततपासणीची सोय जिल्ह्याच्या रुग्णालयात नव्हती. ही तपासणी अंगात ऑर्गॅनोफॉस्फेट विष किती भिनले ते सांगते. खरीप सुरू होण्याआधी प्रत्येक तालुक्यात तिची सोय आणि ॲट्रोपिनचा पुरेसा साठा हवा. देवगावहून घाटीत पोहोचेपर्यंत माणसाचा श्वास थांबू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

चौथी, फवारणी करणाऱ्या भूमिहीन मजुरालाही अपघात विम्याचे तेच संरक्षण मिळावे जे सातबारावाल्याला मिळते. विष सातबारा पाहून चढत नाही.

आणि आपण काय करायचे

मागण्या सरकारकडे, पण वही आपल्या हातात आहे. प्रत्येक गावशाखेने या हंगामात शंभर पानी वही घालावी. तारीख, औषधाचे नाव, पंपाचा प्रकार, किती तास फवारले, काय त्रास झाला, दवाखान्यात गेले की नाही, एवढे सहा रकाने पुरेत. त्या तरुणाच्या वडिलांपासून सुरुवात करा. रोजंदारीचा गडी असेल तर त्याची नोंद आधी घ्या, कारण त्याची नोंद दुसरे कोणी घेणार नाही.

फवारणी कमी करता येते तिथे कमी करा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आल्याशिवाय गुलाबी बोंडअळीचे औषध आणू नका. तुडतुडे पानामागे दोन-तीन झाल्याशिवाय पंप उचलू नका. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क वापरा. फरदड घेऊ नका. डिसेंबरअखेर पऱ्हाटी शेतातून काढा, म्हणजे अळीला पुढच्या हंगामाची वाट मोकळी राहत नाही.

आणि कोणाला त्रास झालाच, तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, स्नायू थरथरू लागले, तर 'ऊन लागलं असेल' म्हणून खाटेवर निजवू नका. माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. दूध, तूप पाजू नका. औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद बरोबर न्या. कोणते विष आहे हे कळले तरच डॉक्टरला उपाय ठरवता येतो. ॲट्रोपिन प्रत्येक विषावर चालत नाही. डायफेन्थ्युरॉनवर तर खास उतारच नाही.

शेवटी आमच्याच चुकीविषयी. इतकी वर्षे आम्ही सभांमधून उत्पादनखर्च काढत आलो. बियाणे धरले, खत धरले, घरच्या माणसांची मजुरी धरली. फवारून आल्यावर वाया गेलेले दोन दिवस, दवाखान्याचा खर्च आणि कायमचे अधू झालेले हात आम्ही कधी धरले नाहीत. जो हिशेब विद्यापीठाने केला नाही म्हणून आम्ही ओरडतो आहोत, तो आम्हीही केला नव्हता. देवगावच्या त्या तरुणाने तो आमच्यापुढे मांडला.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक शाखेने आपली वही घेऊन यावे. भावाचा ठराव होईल तेव्हा त्याच्या आधी या वह्या वाचल्या जातील.