भांडं उलटवणारं फळ

‘बोकबुन्जा’ हे कोरियातल्या काळ्या रासबेरीचं नाव. बोक म्हणजे उलटवणं आणि बुन म्हणजे भांडं. कुठलं भांडं? तर रात्री लघवीसाठी ठेवतात ते! हे फळ खाल्लं की धार एवढी जोरात लागते की भांडंच आडवं होतं, अशी दंतकथा. आपल्याकडे फळाला असं नाव ठेवायची हिंमत कुणी केली असती? आपण तर ऑफिसात ‘जरा जाऊन येते’ हेसुद्धा कुजबुजत म्हणतो.

आणि दाबून किती धरतो! आधी लोकल, मग मीटिंग, त्यात क्लायंटकडचं टॉयलेट कसं असेल या धास्तीनं पाणीच प्यायचं नाही. मग एक दिवस जळजळ सुरू. आपल्या आज्या म्हणतात ‘उन्हाळे लागले’, कोरियातल्या म्हणतात ‘ओजुमसोते’. आपल्याकडे धणे-जिऱ्याचं पाणी, तर तिकडे मक्याच्या कणसाच्या केसांचा चहा. २००६ पासून तो चक्क बाटलीबंद मिळतो.

के-ड्रामा आणि के-स्किनकेअरच्या मागोमाग आता कोरियन उपचारही मैत्रिणींच्या गप्पांत येऊ लागलेत, म्हणून मी जरा खोलात शिरले. तिथलं पारंपरिक वैद्यक म्हणजे नुसता आजीबाईचा बटवा नव्हे. राजवैद्य हो जुन यांचा ‘दोंगुइबोगाम’ हा ग्रंथ १६१३ मध्ये छापला गेला आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत गेला. आज तिथे या वैद्यांना सहा वर्षांचा कोर्स आणि सरकारी लायसन्स लागतं. सुया टोचणं आणि शेक हे उपचार १९८७ पासून राष्ट्रीय आरोग्य विम्यात आहेत.

सारखी लघवी लागणं, हसता-खोकताना थेंब गळणं, अशा तक्रारी घेऊन बायका तिथे जातात. वैद्य नाडी बघतात, जीभ बघतात. हातपाय गार पडतात का, झोप लागते का, पाळी कशी आहे, सगळं विचारतात. मग बेंबीखालच्या ठरावीक बिंदूंवर सुया, नाहीतर मॉक्सा, म्हणजे आपल्या दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची वाळलेली पानं पेटवून दिलेला शेक. ओटीपोटात गारठा साठलाय, तो घालवायचा, हे त्यामागचं तर्कशास्त्र. बाळंतिणीला शेक-शेगडी देणाऱ्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावायला नको!

गुण येतो का? सुयांना विजेची जोड देऊन चीनमध्ये ५०४ बायकांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सहा आठवड्यांत १८ बैठका झाल्यावर, खोट्या सुया लावलेल्यांपेक्षा खऱ्या सुयांच्या गटात लघवी गळणं जास्त कमी झालं. म्हणजे अगदीच हवेतल्या गप्पा नाहीत.

पण जळजळ जंतुसंसर्गाची असेल तर गोष्ट वेगळी. कोरियातही पारंपरिक वैद्य अँटिबायोटिक लिहून देऊ शकत नाहीत. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला कळ किंवा लघवीत रक्त असेल, तर शेक घेत बसू नका. संसर्ग किडनीपर्यंत पोहोचला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, लघवीची तपासणी करा. गरोदर असाल तर साध्या जळजळीलाही थांबायचं नाही.

आणि ऑनलाइन मागवलेली काढ्याची पाकिटं? नकोच. लघवी साफ होण्यासाठी पूर्व आशियात ‘मोकतोंग’ नावाची वेल वापरतात. चीनमध्ये त्याच नावाखाली भलतीच एक वेल विकली जायची. तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लानं किडन्या निकामी होतात, कॅन्सरही होतो. २००३ मध्ये चीननं ती औषधांतून काढून टाकली. तेव्हा ‘नॅचरल आहे ना, मग काय होतंय’ हे वाक्य आपण विसरलेलंच बरं.

कोरियन बायकांकडून उचलायचंच असेल, तर हे उचला: त्रास होतोय हे वैद्यासमोर बसून, त्याच्या नावानिशी सांगणं. आणि उद्या मीटिंगमध्ये लागली, तर सरळ उठा. प्रेझेंटेशन थांबेल पाच मिनिटं!