ओव्हन तापतो, पण आकडे दिसत नाहीत

विशेष प्रतिनिधी

स्वयंपाकघरातील ओव्हन बंद पडण्याच्या कितीतरी आधी त्याचे आकडे मावळू लागतात. पदार्थ नीट भाजला जातो, पंखा फिरतो, आतला दिवा लागतो. मात्र हिरवट-निळ्या रंगात झळकणारी वेळ आणि तापमान आधी फिकट होते, मग दिवसा दिसेनासे होते आणि अखेरीस खिडकीचा पडदा ओढून, तळहाताचा आडोसा करून ते वाचावे लागते. सेवा केंद्राला दूरध्वनी केला, तर उत्तर ठरलेले असते. ‘हे मॉडेल आता येत नाही. पूर्ण कार्ड बदलावे लागेल आणि ते कार्ड मिळत नाही. एक्स्चेंजमध्ये नवा घेऊन टाका.’ प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी नेमके हेच घडले. बारा वर्षे विनातक्रार चाललेला ओव्हन केवळ आकडे दिसत नाहीत म्हणून भंगारात द्यावा, असा तो सल्ला होता.

हे आकडे मावळतात तरी का? जुन्या ओव्हनमध्ये बहुधा ‘व्हॅक्युम फ्लुरोसन्ट डिस्प्ले’ असतो. गेल्या शतकातील साठच्या दशकात जपानमध्ये विकसित झालेले हे तंत्र आधी कॅल्क्युलेटरमध्ये आणि मग व्हीसीआरपासून मायक्रोवेव्हपर्यंत सर्वत्र पोहोचले. निर्वात काचेच्या पेटीत केसाएवढ्या बारीक तारा मंद तापवल्या जातात. त्यांतून सुटणारे इलेक्ट्रॉन समोरच्या आकड्यांवरील लेपावर आदळतात आणि तो लेप उजळतो. तारेवरचा थर झिजला किंवा आकड्यांवरचा लेप जुना झाला, की उजेड कमी होतो. हा झाला म्हातारपणाचा दोष. त्याला काच बदलण्यावाचून उपाय नाही.

पण फिकेपणाचे दुसरेही एक कारण असते आणि ते पुष्कळदा तपासलेच जात नाही. या काचेला लागणारा विद्युतदाब पुरवणाऱ्या भागात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात. त्यांच्या आत ओलसर रसायन असते. भट्टीच्या शेजारी राहून ते सुकते, दाब उतरतो आणि आकडे निस्तेज होतात. तापमान दहा अंशांनी वाढले, तर कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा या व्यवसायातील ठोकताळा आहे. ज्या भागामुळे ही सारी रड सुरू होते, त्याची किंमत मात्र काही रुपये असते. (वापर झाल्यावर भिंतीवरचे बटण बंद करण्याची आपल्याकडील सवय या बाबतीत फायद्याचीच ठरते. चोवीस तास घड्याळ दाखवत बसणारी काच लवकर थकते.)

पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, अशी कामे करणारे कारागीर अजूनही आहेत. ‘साहेब, काच गेलेली नाही, तिला खायला कमी मिळतंय,’ हे निदान अशाच एका कारागिराचे. त्याने कपॅसिटर बदलले. आकडे नव्यासारखे झाले नाहीत. पण दिवसाउजेडी वाचता येऊ लागले. काच थोडी झिजलेली होतीच, हेही त्याने आधीच सांगितले होते. त्याची अडचण वेगळी होती. त्याच्याकडे या कार्डाचा नकाशा नव्हता. पूर्वी बऱ्याच रेडिओंच्या आतल्या बाजूला सर्किटचा आराखडा चिकटवलेला असे. आता तो कंपनीबाहेर सहसा जात नाही. शिवाय कार्डावरील चिपमध्ये जो प्रोग्रॅम असतो, तो मिळत नसल्यामुळे दुसऱ्या मॉडेलचे कार्ड बसवण्याचा मार्गही बंद होतो.

येथे प्रश्न एका ओव्हनचा राहत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’ची चौकट आखण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने निवडली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, यासाठीचे पोर्टल सुरू झाले. सुटे भाग, सेवा केंद्रे आणि वॉरंटी यांची माहिती कंपन्यांनी तेथे द्यावी, अशी कल्पना आहे. पुढे ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांक’ सुचवण्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. वस्तू खरेदी करतानाच ती किती सहज दुरुस्त होईल, हे गुणांकावरून ग्राहकाला कळावे, हा त्यामागील हेतू. मात्र पहिल्या टप्प्यात त्यात स्मार्टफोन आणि टॅब्लेटच आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही सुटे भाग अमुक वर्षे उपलब्ध ठेवावेत, असे स्पष्ट बंधन नाही. माहिती देणारे पोर्टल उपयोगाचे खरे. पण जो भाग बनतच नाही, त्याची माहिती घेऊन ग्राहकाने काय करावे?

इतरत्रही ओव्हनच्या वाट्याला फारसे आलेले नाही. युरोपीय महासंघाने २०२१ पासून धुलाईयंत्रे, भांडी धुण्याची यंत्रे व फ्रिज यांचे सुटे भाग प्रकारानुसार सात ते दहा वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक केले. २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र निर्देश संमत केला आणि तो राष्ट्रीय कायद्यांत आणण्यासाठी सदस्य देशांना ३१ जुलै २०२६ ची मुदत दिली. त्या निर्देशाच्या मूळ यादीत व्हॅक्युम क्लीनर आहे, मोबाइल आहे, वेल्डिंगची उपकरणेही आहेत, ओव्हन नाही. त्या मानाने कॅलिफोर्नियाचा जुलै २०२४ पासून अमलात आलेला कायदा अधिक व्यापक आहे. शंभर डॉलर वा त्याहून महाग उपकरणांचे भाग, साधने व माहितीपत्रके उत्पादन थांबल्यानंतर सात वर्षे द्यावी लागतात आणि त्यात स्वयंपाकघरातील उपकरणेही येतात.

कंपन्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावण्यासारखे नाही. मायक्रोवेव्हच्या आतील उच्च दाबाच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही प्राणघातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. घरच्या घरी त्याचे झाकण कोणीही उघडू नये, हे निक्षून सांगायलाच हवे. परंतु हा युक्तिवाद प्रशिक्षित कारागिराच्या बाजूचा आहे, एकाधिकाराच्या बाजूचा नाही. धोका खरा असेल, तर नकाशा आणि सावधगिरीच्या सूचना कारागिराच्या हाती असणे अधिकच आवश्यक ठरते. मोटारींच्या बाबतीत हा मुद्दा आपल्याकडे तपासला गेला आहे. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल. आदेश पुढे अपिलांत गेला; पण सुरक्षिततेच्या नावाखाली बाहेरच्या गॅरेजला दार बंद करता येणार नाही, ही भूमिका आयोगाने तेव्हा मांडली होती. ओव्हन बनवणाऱ्यांना हाच प्रश्न अजून कोणी ठामपणे विचारलेला नाही.

कचऱ्याचा हिशेबही पाहावा लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्क्यांची रीतसर गोळाबेरीज व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकांवर पुनर्चक्रणाची उद्दिष्टे आहेत. उपकरण मेल्यावर त्याचे काय करायचे, हे नियम तपशीलवार सांगतात. ते आणखी पाच वर्षे जगावे म्हणून कार्डावरची काच स्वतंत्रपणे विकत मिळायला हवी, असे कोठेही म्हटलेले नाही. एक्स्चेंजमध्ये गेलेले चालू ओव्हन याच ढिगात जातात, की दुसऱ्या कोणाच्या स्वयंपाकघरात, याचा हिशेब दुकानदार देत नाही आणि आपणही विचारत नाही.